लाकडी बंदुकीची पावती

रेयांशची शाळेची बस निघून गेली आणि बंदूक सोफ्यावरच राहिली, हे भिवाच्या लक्षात आलं तेव्हा त्याला आधी राग आला आणि मग, खरं सांगायचं तर, आनंद झाला. बंदूक लाकडी होती, चंदेरी रंग दिलेली. इथल्या आखाती देशाच्या राष्ट्रीय दिनाच्या कार्यक्रमात नातवाच्या वर्गातली पोरं अरबी नाच करणार होती आणि त्यात ती हवेत उडवून झेलायची होती. भिवाला हे मुळीच पसंत नव्हतं. बंदूक ही काय उडवायची वस्तू आहे?

त्याने सुनेला, सुजाताला, फोन लावला.

"बाबा, तुम्ही काही करू नका हं," ती म्हणाली. "मी मीटिंगमध्ये आहे. प्रल्हाद लंचमध्ये नेऊन देईल."

"नाच दहाक आसा गो."

"मग राहू दे. टीचर काहीतरी ॲडजस्ट करतील."

फोन ठेवला, पण भिवाचा हात बंदुकीवरून हलेना. अल नहदात, मुलाच्या घरी, येऊन त्याला काही महिने झाले होते. फ्लॅट झकास, सून जीव लावणारी, नातू गोड. फक्त चालायला रस्ता नव्हता. म्हणजे रस्ते ढीगभर होते, पण त्यांवर "खंय चललंस, भिवा?" असं विचारणारं कुणी नव्हतं. परतीचं नाव काढलं की प्रल्हाद हसून विषय बदलायचा, आणि व्हिसा तर त्याने न विचारताच वाढवून टाकला होता.

गावी, कुडाळजवळ, भिवाची एकनळी बंदूक होती, शेतीच्या रक्षणासाठी रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा सरकारी शिरस्ता. बाकीच्यांना तो जाच वाटे, भिवाला तो सण होता. एसटी सोडून तो मुद्दाम चालत जाई. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर बंदूक, खिशात परवाना. लहानगा प्रल्हाद मागून धावायचा आणि दर वळणावर विचारायचा, "बाबा, माका दी ना धरूक."

"लायसन तुझ्या नावावर नाय," हे भिवाचं ठरलेलं उत्तर.

यंदा बंदूक जमा केली आणि मागोमाग मुलाने धाडलेलं विमानाचं तिकीट आलं. निवडणूक होऊन गेली, सगळ्यांनी आपापल्या बंदुका घरी नेल्या. त्याचीच तेवढी ठाण्याच्या कोपऱ्यात पडून होती. त्या विचाराने त्याला इथलं अन्न गोड लागत नव्हतं.

तर भिवाने सदरा चढवला, सवयीने परवाना खिशात घातला आणि बंदूक खांद्यावर टाकून तो खाली उतरला.

"चाचा, ये क्या," वॉचमन शाहबाज खुर्चीतून उठला. "चादर में लपेट लो कम से कम."

"चोर लपेटता है," भिवा म्हणाला. "हमारा लायसन है."

फुटपाथवर आल्यावर त्याची पाठ आपोआप ताठ झाली. बाबागाडीवाली एक बाई त्याला पाहून तिथल्या तिथे वळली. डिलिव्हरीवाल्याने बाईक थांबवली. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून पाहू लागली, कुणी फोटोही काढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच लोक आपली दखल घेताहेत, हे पाहून भिवाला फार बरं वाटलं. त्याने दोघा-तिघांना मान डोलावून नमस्कारही केला.

दुसऱ्या सिग्नलपाशी पोलिसांची गाडी हलकेच येऊन थांबली. आतून तरुण अधिकारी उतरला. छातीवरच्या पट्टीवर तहा असं नाव होतं आणि त्याला कामापुरतं हिंदी येत होतं.

"सलाम, चाचा. ये क्या है?"

"बंदूक."

"किधर जाता?"

"इस्कूल."

तहाच्या भुवया कपाळात गेल्या. भिवाने शांतपणे परवाना काढून पुढे केला. तहाने तो उलटसुलट पाहिला. त्यावर भिवाचा तरुणपणीचा फोटो होता आणि जिल्ह्याचे गोल शिक्के होते.

"ये किसके लिए?"

"खेती. सूअर आता है, जंगली."

"सूअर आता है तो ठीक है," तहा गंभीरपणे म्हणाला आणि त्याने बंदूक हातात घेतली. ती हातात येताच तो थबकला. "चाचा, ये लकडी है."

"हां तो. बच्चा नाच करेगा."

तहाने तोंड फिरवून हसू गिळलं. "ऐसा खुला नहीं लेके जाना. लोग डरता है. यल्ला, बैठो, मैं छोडता." त्याने बंदूक डिकीत ठेवली.

भिवा जागचा हलला नाही. "रसीद?"

"क्या रसीद?"

"पुलिस बंदूक लेता, तो रसीद देता. बिना रसीद हम नहीं बैठेगा."

"चाचा, पाच मिनट का काम है."

"काम कितना भी हो. रूल रूल है."

तहाने आजवर बऱ्याच लोकांना गाडीत बसवलं असेल, पण पावतीसाठी अडून बसलेला माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. शेवटी त्याने एक चिठ्ठी फाडून अरबीत दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. शिक्का नसल्याबद्दल भिवाने नाराजी दाखवली, पण चालवून घेतलं.

वाटेत तहा म्हणाला, "मेरा दादा का भी राइफल था. पहाड में पैदल जाता था."

"अभी?"

"अभी दीवार पे है."

"मेरा थाने में है," भिवा म्हणाला. त्याने पावतीची घडी करून ती खिशात नीट ठेवली.

फाटकाशी भिवाने आधी पावती परत केली, मगच बंदूक घेतली. पांढऱ्या झग्यातला रेयांश धावत आला. "आजोबा, यू केम इन अ पोलीस कार?"

"नळी वर धर," आजोबा म्हणाले.

नाच सुरू झाला. सगळ्या पोरांनी बंदुका उडवल्या, निम्म्यांच्या खाली पडल्या. रेयांश मात्र खांद्यावर बंदूक टाकून, छाती काढून, सरळ रेषेत चालत राहिला. आजोबा त्याला महिनाभर हेच शिकवत होते. टीचर हातवारे करून थकल्या. भिवाला समोर कुडाळचा रस्ता दिसत होता आणि तो डोळे पुसत होता.

कार्यक्रम संपताना प्रल्हाद धापा टाकत पार्किंगमध्ये पोचला. भिवा तिथेच, नातवाची बंदूक सांभाळत उभा होता. बिल्डिंगच्या ग्रुपवरचा फोटो थेट प्रल्हादच्या ऑफिसपर्यंत गेला होता.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? आत टाकलं असतं म्हणजे? खलास. या आठवड्यात तिकीट काढतो तुमचं."

ही शिक्षा ऐकून भिवाने तोंड शक्य तितकं पाडलं. "बरा," तो म्हणाला. "माका ठाण्यातली ती बंदूक सोडवन आणूक व्हयीच."

प्रल्हादने फोन काढला, पुन्हा तो फोटो पाहिला. ताठ पाठ, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर बंदूक. फक्त मागे धावणारं कुणी नव्हतं.

"दोन काढतंय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मालवणी आली नव्हती.

"दुसरा कोणाचा?"

"माझा. ठाण्यापासून घरापर्यंत चलत येऊया. बाबा, थोडो वेळ माका धरूक देशात ना?"

"लायसन माझ्या नावावर आसा," भिवा म्हणाला. मग आजूबाजूला कुणी पोलीस नाही असं पाहून त्याने लाकडी बंदूक पुढे केली. "ही धर. हिका लायसन लागणा नाय."

प्रल्हादने टाय सारखा केला आणि बंदूक खांद्यावर घेतली.

"नळी वर," भिवा म्हणाला आणि मुलाच्या मागून गाडीकडे चालू लागला.