तायडे सिस्टरांची गरम हवा

तायडे सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी वायरींकडे बघतात, माणसांकडे नंतर. फ्रीजची वायर, कूलरची वायर, मोबाइलच्या चार्जरची मान, सगळं नजरेखालून घालतात आणि मग म्हणतात, "जयभीम सर, बरे हा ना?" मधेच एखादा उघडा जोड दिसला तर आमचं बरं-वाईट विचारायचं राहूनच जातं.

"अवं माय! हे असं उघडं ठेवून झोप कशी येते तुमाले?"

सिस्टर आरोग्य केंद्रातून निवृत्त झाल्या. सारी नोकरी शेलूबाजारच्या आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं आणि मलमपट्ट्या करण्यात गेली. नोकरी संपली, पण हात काही थांबले नाहीत. माणसांवरून ते वायरींवर आले. पूर्वी त्यांच्या पिशवीत कापूस आणि पट्ट्या असत, आता पक्कड, कात्री आणि रंगीत नळ्यांचे तुकडे असतात. ही नळी जोडावर सरकवायची आणि गरम करायची, की ती आकसून वायरीला कातडीसारखी घट्ट बसते. दुकानदार तिला स्लीव्ह म्हणतात, सिस्टर तिला 'ड्रेसिंग' म्हणतात. काळ्या चिकटपट्टीचं मात्र त्यांच्यापुढे नावही काढायचं नाही.

"उन्हाळ्यात सुटते, हाताले चिकटते, अन् आतमंदी जखम तशीच!"

किन्हीराजाच्या एका लग्नात आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि सिस्टर स्टेजच्या मागे मंडपवाल्याची हजेरी घेत होत्या. "लेकरं फिरून राह्यले इथं. पह्यले मेन बंद कर!" मेन बंद झाला. गाणं थांबलं, पंखे थांबले, घामाघूम नवरदेव इकडेतिकडे बघायला लागला. जोडावर ड्रेसिंग चढल्यावरच लग्न पुढे सरकलं. तो मंडपवाला आता कुठलंही काम घेताना आधी विचारतो म्हणे, "तायडे सिस्टर येणार हायेत का?"

सिस्टरांची एकच अडचण होती. नळी गरम कशानं करायची? उदबत्तीनं केली तर भोक पडायचं. लायटरनं केली तर काजळी धरायची. एकदा माझ्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागून नेला आणि तासाभरात नापसंतीनं परत आणला.

"नुसता फुंकून राह्यला हा. ताप चढतच नाही याले."

शेवटी त्यांनी गरम हवेची गन घ्यायचं ठरवलं. त्यासाठी त्यांच्या तीन अटी होत्या. "लहान पाह्यजे, सस्ती पाह्यजे, अन् टेबलावर आपल्या पायावर उभी राह्यली पाह्यजे." पहिल्या दोन मला कळल्या. तिसरी कळली नाही, पण सिस्टरांना उलट प्रश्न विचारायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर बसवून वाशिमला घेऊन गेलो.

दुकानदारानं आधी पिस्तुलासारखी भली मोठी गन काढली. सिस्टरांनी ती दोन्ही हातांनी उचलली, बटण दाबलं, आणि काउंटरवरची सगळी बिलं उडून रस्त्यावर गेली.

"ताई, हे रंग खरवडाले वापरतात," बिलं गोळा करून आल्यावर दुकानदार म्हणाला.

"मंग मले काहून दाखवून राह्यला? एवढ्या हवेनं तर वायरीचंच कातडं निघीन. लहान्या पेशंटले मोठ्याचा डोस देते का कोणी?"

मग त्यानं गॅसवर चालणारी, पेनाएवढी एक वस्तू दाखवली. तिच्या टोकाला निळी ज्योत होती. सिस्टरांनी हात मागे घेतला. "आग नोको. हवाच पाह्यजे."

तिसरी होती हातातल्या टॉर्चएवढ्या जाडीची, हलकी, विजेवर चालणारी गन. तोंडाला लोखंडी नळी, आणि बूड असं सपाट की ती टेबलावर तोंड वर करून उभी राहायची. किंमतही झेपणारी होती. सिस्टरांनी तिला टिचकी मारून पाहिली, धक्का देऊन पाहिलं. पडली नाही. पिशवीतून नळीचा तुकडा काढून त्यांनी दुकानदाराकडून तो एका वायरीवर सरकवून घेतला. मग गन स्वतःच्या हातात घेतली आणि अचानक त्यांचा हात थरथरायला लागला. मनगटापासून बोटांपर्यंत, सारखा.

दुकानदारानं घाईघाईनं खुर्ची पुढे केली. "ताई, बसा! पाणी आणू का?"

"गप रे. पाहू दे मले."

सिस्टर तशाच थरथरत्या हातानं वायरीभोवती हवा फिरवत होत्या, आणि डोळे मात्र त्या नळीवर रोखलेले होते. तो हात मी ओळखला. तो देविदासकाकांचा हात होता.

देविदासकाका म्हणजे सिस्टरांचे यजमान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते नव्या तारेनं भरून द्यायचे. हायवेला लागून त्यांचं लहानसं दुकान होतं आणि मंगरूळपीरपासून लोक तिथं यायचे. मग कंपवातानं हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकासमोर लायटरनं नळी बसवताना त्यांच्याकडून अख्खी वायर जळाली. काकांनी पक्कड खाली ठेवली, शटर ओढलं आणि घरी आले. तेव्हापासून ते घरातच बसून असत. चारचौघांत चहासुद्धा घेत नसत, कप वाजतो म्हणून. सिस्टरांनी त्यांची पक्कड आपल्या पिशवीत टाकली ती तेव्हाच. म्हातारपणी बाईला हा काय नाद लागला, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

"हेच दे," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा हात आता स्थिर झाला होता.

घरी येऊन त्यांनी डबी काकांच्या पुढ्यात ठेवली. "पाहा बरं, मले फसवलं का त्यानं. तुमाले समजते यातलं."

काकांनी बराच वेळ डबीला हात लावला नाही. मग उघडली, गन उलटीपालटी करून पाहिली, प्लगला लावली. एक जोड घेतला, नळी सरकवली. उजवा हात हलू नये म्हणून डाव्या हातानं मनगट आवळून धरलं आणि हवा सोडली. नळी एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं फुगलेलीच राहिली. सिस्टर एरवी एका मिनिटात दहा सूचना देतात. त्या दिवशी मात्र चौकटीला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या.

काकांनी दुसरी नळी घेतली. ह्या वेळी मनगट सोडून दिलं. हात त्याच्या मनानं थरथरत राहिला आणि हवा वायरीच्या सगळ्या बाजूंनी फिरत राहिली. नळी हळूहळू आकसली आणि सगळीकडून सारखी, गुळगुळीत बसली.

काकांनी तापलेली गन तशाच हलत्या हातानं टेबलावर टेकवली, ती डगमगली पण पडली नाही, आणि वायर उजेडात धरली. "स्थिर धरलं का एका जागी जळते हो सर," ते मला म्हणाले. "हे कामच हलत्या हाताचं हाय."

आणि ते हसले. त्यांचं हसू मी विसरूनच गेलो होतो.

आता दुकानाचं शटर अर्धं वर असतं. मोटारी भरणं काही जमत नाही, पण वायरी, चार्जर, इस्त्री असली कामं काका करतात. सिस्टर परवा आमच्याकडे आल्या. चहा झाल्यावर स्वयंपाकघरात गेल्या आणि मिक्सरच्या वायरीकडे टक लावून बघत राहिल्या.

"सर, हे त्यायच्याकडं नेजा."

मी वायर चाचपून पाहिली. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. "सिस्टर, वायर तर चांगली आहे."

"असू द्या. तरी नेजा." त्या पदर सारखा करत दाराकडे वळल्या. "दुपारून नेजा पण. सकाळी होतात दोन-चार माणसं. दुपारून त्यायच्याकडं कोणी येत नाही."

दुपारी मी आमचा धडधाकट मिक्सर पिशवीत घातला आणि काकांच्या दुकानाकडे निघालो.