‘मांदेलीची वरात’ न ऐकलेला माणूस

निःपक्षपाती माणूस आणि बेपत्ता माणूस यांच्यात कायद्याने फरक केलेला असला, तरी शोधायला दोघांनाही सारखाच वेळ लागतो. विलेपार्ल्याच्या ‘उपनगर लवाद निवड मंडळा’चे सचिव चंद्रप्रकाश पेडणेकर यांना हे सत्य एकोणीसशे शहाऐंशी साली उमगले, आणि तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे तेज आले. (घरच्यांच्या मते ते पित्त होते.)

मंडळाचे काम साधे होते. दोन पक्षांत वाद झाला, की तो सोडवायला दोघांनाही मान्य असा तिसरा माणूस, म्हणजे लवाद, शोधून द्यायचा. वाद सोडवणे हे मंडळाचे काम नव्हे, हे पेडणेकर दिवसातून तीनचार वेळा तरी सांगत. त्यांच्या वडिलांची हयात परळच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर गेली होती. साच्यांच्या खडखडाटात त्यांना कुणाचेच ऐकू येत नसे. निःपक्षपातीपणा आपल्या रक्तात तिथूनच आला, असे पेडणेकरांना मनापासून वाटे.

एका सोमवारी मढच्या सगुणा कोळी मंडळात आल्या. वय शेहेचाळीस. माशांची टोपली त्यांनी जिन्याखाली ठेवली होती. (मंडळाच्या नियमांत टोपलीविषयी काही नव्हते. ते नंतर घालण्यात आले.) त्यांनी टेबलावर एक कॅसेट ठेवली.

“ही बघा साहेब. ‘मांदेलीची वरात’. गानं माजं हाय. पुतनीच्या हळदीला मीच रचलं, मीच गायलं. आन् हितं काय छापलंय ते वाचा.”

पेडणेकरांनी चष्मा चढवला. गायिका म्हणून सगुणाबाईंचे नाव होते. त्याखाली छापले होते, ‘गीत : पारंपरिक’.

“पारंपरिक म्हंजे काय?”

“म्हणजे फार जुनं. कुणी रचलं ते माहीत नाही असं.”

“मी काय मेले?”

या प्रश्नासाठी तक्रारीच्या पत्रकात रकाना नसल्याने पेडणेकरांनी तो नोंदवला नाही.

कॅसेट काढली होती अंधेरीच्या ‘नादकुंभ कॅसेट्स’ने. मालक जयंतीभाई सज्जन होते. करारानुसार गीतकाराची रॉयल्टी गीतकाराला मिळायची. गीतकार पारंपरिक असेल तर ती परंपरेला, आणि परंपरेचा पत्ता कंपनीच्या दप्तरी नव्हता. चौदाव्या कलमात म्हटले होते, की वाद उद्भवल्यास तो निःपक्षपाती लवादाकडे सोपवावा. पेडणेकरांनी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवले.

“गाणं बाईंचंच आहे ना!” जयंतीभाई म्हणाले. “दोन कडवी तर मी यांच्या ओट्यावर बसून वाढवून घेतली. कोण नाही म्हणतो?”

“मंग नाव छापा,” सगुणाबाई म्हणाल्या.

“असं कसं? चौदावं कलम आहे. लवाद ठरवेल.”

“पन तुमी तर व्हय बोलताय. वाद कुठं हाय?”

“वाद आहे की नाही, तेपण लवादच ठरवेल.”

कायद्याबद्दल इतका आदर असणारा व्यापारी पेडणेकरांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांना गहिवरून आले, पण सचिवांनी पक्षांसमोर गहिवरणे योग्य नव्हे, म्हणून ते पॅसेजमध्ये जाऊन गहिवरले.

लवादाने गाणे ऐकलेले नसावे, ही पहिली अट. ऐकलेला माणूस आधीच मत बनवून बसतो. पेडणेकरांनी एक्केचाळीस प्रश्नांचे पत्रक तयार केले. आपण मासे खाता काय? खात असल्यास कोणते? कोळणीशी भाव करताना आपण हरता की जिंकता? सदर गाण्यावर लग्नात नाचला आहात काय? (फक्त खांदे हलवले असल्यास ‘अंशतः’ लिहावे.)

दोन वर्षांत तीनशे बारा अर्ज आले. त्यांपैकी एकशे चौऱ्याहत्तर जण नाचले होते, एकोणसत्तर जण अंशतः. एक्केचाळीस जण मासे खात असल्यामुळे सगुणाबाईंच्या बाजूचे ठरले, सत्तावीस जण खात नसल्यामुळे त्यांच्या विरुद्ध. उरले घाटकोपरचे एक गृहस्थ. ते फक्त कालवण खात आणि तुकडा बाजूला काढून ठेवत. असा समतोल स्वभाव मंडळाने प्रथमच पाहिला होता. नेमणुकीचा कागद टाइप होत असताना गृहस्थ बाकावर बसून ‘मांदेली’ गुणगुणू लागले. कागद मशीनमधून निम्म्यातच काढावा लागला.

सगुणाबाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत.

“गावला का वो लवाद?”

“शोध प्रगतिपथावर आहे.”

“मना पैशाचं नाय एवढं,” एकदा त्या म्हणाल्या. “परवा एक पोर मनाच शिकवाय लागली, मावशे, तू चुकीचं गातेस, कॅसेटीत असं नाय. तिला काय सांगू? गानं माजं हाय, असं छापलेलं कुठं नाय.”

पेडणेकरांनी नोंदवही उघडली, मिटली आणि पुढची तारीख दिली.

त्यांचे स्वतःचे आचरण कडक होते. जोगेश्वरीच्या घरात रेडिओला बंदी होती. मुलीच्या, लताच्या, हळदीला त्यांनी बँडवाल्यांकडून ‘मांदेली’ न वाजवण्याची लेखी हमी घेतली. पण पलीकडच्या सोसायटीतही हळद होती. तिथून गाणे सुरू झाले आणि बायको अनुपमाने त्यांच्याकडे रोखून पाहिले.

“अहो, तुमचा खांदा.”

“काय झालं खांद्याला?”

“हलतोय.”

दुसऱ्या दिवशी पेडणेकरांनी नोंदवहीत लिहिले, ‘सचिव : डावा खांदा, एकदा.’ मग त्यांनी स्वतःला सात दिवसांसाठी निलंबित केले. आदेशावर सहीही त्यांचीच होती.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात बातमी लागली, की मुलुंडचे कोणी भीमराज नऊ वर्षे मस्कतला क्रेन चालवून परत येत आहेत. म्हणजे गाणे निघण्यापूर्वीच देशाबाहेर गेलेला माणूस! पेडणेकर कापूस घेऊन सहार विमानतळावर हजर राहिले. पण कापूस कानात जाण्यापूर्वीच कस्टमच्या माणसाने भीमराजांचा टू-इन-वन चालतो का ते पाहायला आपल्या खणातली एक कॅसेट त्यात घातली. पेडणेकरांनी काच ठोठावली, आरडाओरडा केला. अकरा सेकंद ‘मांदेली’च वाजली.

मंडळाची तातडीची सभा झाली. अकरा सेकंदांत नुसती ढोलकी वाजते, शब्द सुरू होत नाहीत. आणि वाद शब्दांचा आहे, ढोलकीचा नाही. सबब भीमराज निःपक्षपाती ठरले. त्यांना काचा वर केलेल्या टॅक्सीतून विलेपार्ल्याला आणण्यात आले. उतरले तेव्हा ते घामाने निथळत होते.

“लवकर आटपा, यार,” ते म्हणाले. “चारची एस.टी. आहे चिपळूणची. आई वाट बघतेय.”

बारा मिनिटांत त्यांनी निवाडा दिला. गाणे सगुणाबाईंचे आहे हे दोन्ही पक्षांना मान्य. कव्हरावर ‘पारंपरिक’ छापले आहे हेही मान्य. छापलेले बदलायला खर्च येतो, माणूस बदलायला येत नाही. सबब सगुणाबाईंनी राजपत्रात नोंद करून आपले नाव ‘पारंपरिक’ असे करून घ्यावे, म्हणजे कुणावरच अन्याय होणार नाही. भीमराज टू-इन-वन उचलून निघून गेले.

जयंतीभाईंनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईंनी निवाड्याच्या कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि जिना उतरून गेल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच पेडणेकरांना आपल्या मंडळाची लाज वाटली. निःपक्षपातीपणात लाज कुठे बसते ते ठाऊक नसल्याने त्यांनी तिची नोंद केली नाही.

अडीच महिन्यांनी सगुणाबाई राजपत्र घेऊन आल्या. त्यात रीतसर छापले होते : सगुणा भिकाजी कोळी यांचे नाव यापुढे पारंपरिक भिकाजी कोळी. सोबत पुतणीच्या अक्षरातली एक यादी होती. जयंतीभाईंना बोलावून घेण्यात आले.

“हे काय?” जयंतीभाईंनी विचारले.

“तुमच्याच कॅसेटी. तिर्‍यान्नव गानी. समद्यांवर ‘गीत : पारंपरिक’. म्हंजे माजं नाव.”

यादीत आरत्या होत्या, ओव्या होत्या, बारा गरबेसुद्धा होते. जयंतीभाईंनी पाणी मागितले.

“बाई, ही तुम्ही कुठे रचलीत?”

“मंग कोनी रचली?”

जयंतीभाईंनी यादी पुन्हा वरपासून वाचली. “ती... पारंपरिक आहेत.”

“तेच बोलते मी.”

“साहेब, तुम्ही काहीतरी बोला!”

“मंडळ निःपक्षपाती आहे,” पेडणेकर म्हणाले. हे वाक्य इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात उच्चारले नव्हते. “आपल्याला नवा लवाद हवा असल्यास पत्रक देतो. एक्केचाळीस प्रश्न आहेत.”

त्याच दुपारी तडजोड झाली. ‘मांदेली’ची नवी कव्हरे कंपनीने छापावीत, थकलेली रॉयल्टी द्यावी, आणि बाईंनी पुन्हा सगुणा व्हावे, राजपत्राचा दुसरा खर्च कंपनीचा. त्र्याण्णव गाण्यांवर सगुणाबाईंनी तिथल्या तिथे पाणी सोडले.

“मना दुसऱ्याचं नको व्हतं. माजं तेवढं माजं.”

महिन्याभरात नवे कव्हर बाजारात आले. पेडणेकरांनी जोगेश्वरी स्टेशनाबाहेरच्या दुकानातून पहिली कॅसेट विकत घेतली आणि उन्हात उभे राहून वाचली. ‘गीत : सगुणा कोळी’. त्यांचे डोळे भरून आले. दुकानदाराला त्यांनी विचारले, किती गिऱ्हाइकांनी हे नाव पाहिले?

“नाव कोण बघतो, साहेब? ‘मांदेली’ द्या बोलतात, घेऊन जातात. आज चाळीस गेल्या.”

पेडणेकर मंडळात परतले आणि त्यांनी निःपक्षपाती माणसाची व्याख्या एका ओळीत सुधारली : ज्या गाण्यावर आपण मनसोक्त नाचलो, ते कुणी रचले याची ज्याला काडीचीही पर्वा नाही, असा कोणीही.

तेव्हापासून मंडळाला लवादांची टंचाई नाही. आपण गेल्या लग्नात ज्या गाण्यावर घामाघूम होईस्तोवर नाचलात, ते रचणाऱ्याचे नाव आठवत असल्यास कृपया मंडळास तसे कळवावे. आठवत नसल्यास काही करण्याची आवश्यकता नाही. आपले नेमणूकपत्र पोस्टात टाकले आहे.