अधिकातले धोंडे

भगवानरावांच्या मते त्यांच्या घरातला फ्रीझर म्हणजे अंधश्रद्धेचं गोदाम होतं. वस्तू एकदा आत गेली की ती अमर झाली, अशी सुलाबाईंची श्रद्धा. त्यामुळे मागच्या दिवाळीचं खोबरं, लेक नीलमच्या लग्नातली बुंदी आणि एक काळपट पुडकं, ज्यात काय आहे हे आता खुद्द सुलाबाईंनाही सांगता येत नव्हतं, असा सगळा गोतावळा तिथे सुखाने नांदत होता. भगवानरावांनी आयुष्यात कधी चहासुद्धा केला नव्हता. पण फ्रीजबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी दोनदा वाचलं होतं, आणि आपल्याकडे एवढ्या वाचनावर माणूस घरापुरता शास्त्रज्ञ ठरतो.

यंदा अधिक महिना आला आणि फ्रीझरची पत वाढली. अधिकात जावयाला बोलवायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही रीत. त्यात नीलमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, आणि पुढचा यायला तीन वर्षं. पण जावई दत्ताराव पूर्णेला रेल्वेत. त्यांना महिनाभर सुट्टीच मिळाली नाही. दुसरी एखादी सासू रडली असती. सुलाबाईंनी महिना संपायच्या दिवशी, अमावस्येला, धोंडे केले, डब्यात भरले आणि फ्रीझरमध्ये ठेवून दिले. जावई कधीही येवोत, धोंडे अधिकातलेच.

"पुण्य बी गोठतंय का गं?" भगवानरावांनी विचारलं.

"न गोठायला काय झालं? धोंडे गोठतेत, मग त्यांच्यासंगट तेबी गोठतंय."

या युक्तिवादाला माहितीपुस्तकात उत्तर नव्हतं.

मग गल्लीतले सगळे कूलर एकदम चालले आणि कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली. एक रात्र आणि एक अख्खा दिवस वीज नव्हती. माणसं अंगणात वारा घालत बसली. भगवानराव मात्र निश्चिंत होते, कारण त्यांनी आधीच फ्रीझरमध्ये एक सापळा लावून ठेवला होता. वाटीत पाण्याचा बर्फ केलेला आणि त्या बर्फावर एक नाणं. वीज आल्यावर, सगळं पुन्हा टणक झाल्यावर, त्यांनी ती वाटी विजयी मुद्रेने बायकोपुढे धरली. नाणं तळाशी होतं.

"बघ. नाणं बुडालं. म्हंजे आतलं सगळं वितळलं अन् परत गोठलं. त्या धोंड्यातलं पुरण नासलं. फेकून दे."

सुलाबाईंनी वाटीत पाहिलं. "नाणं जड असतंय," त्या म्हणाल्या. "बुडणारच."

यावर भगवानरावांनी शास्त्र, आरोग्य आणि बायकांची बुद्धी या तिन्ही विषयांवर बराच वेळ भाषण केलं. ते संपेपर्यंत सुलाबाईंनी नीलमला फोन करून रविवारी दोघांना जेवायला बोलावूनही टाकलं होतं.

आता भगवानरावांना दिसत होतं ते असं, की नासकं पुरण खाऊन जावई आडवा झालाय, आणि गंगाखेडच्या सासऱ्याने जावयाला विष घातल्याचा बोभाटा पूर्णेपर्यंत गेलाय. रविवारी सकाळी सुलाबाई धोंडे वितळायला ओट्यावर काढून गोदावरीवर अंघोळीला गेल्या. तेवढ्यात भगवानरावांनी डबा रिकामा केला. एक धोंडा दारातल्या कुत्र्यापुढे टाकला. त्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. त्या गल्लीत शास्त्र समजणारा दुसरा प्राणी आहे हे पाहून भगवानरावांना बरं वाटलं. उरलेले घंटागाडीत गेले.

मागच्या गल्लीत गीताबाई सणावाराला पुरणाच्या ऑर्डरी घ्यायच्या. भगवानरावांनी आदल्या दिवशीच त्यांना गुपचूप धोंडे सांगून ठेवले होते. गीताबाईंनी डबा हातात दिला.

"गार कसे लागायलेत?" भगवानरावांनी विचारलं.

"पंख्याखाली ठिवले होते, काका."

माहितीपुस्तकात पंख्याविषयी काही नव्हतं. भगवानरावांनी धोंडे आणून घरच्या डब्यात मांडले.

दुपारी सुलाबाईंनी ते वाफवले, वर तूप सोडलं, जावयाला औक्षण करून पाटावर बसवलं. दत्तारावांनी पहिला धोंडा संपवला आणि कौतुकाने म्हणाले, "मामी, जराशी आंबटसर चव लागायलीय. लय भारी."

त्याच वेळी दारात गीताबाई आल्या. भगवानराव लगबगीने बाहेर गेले. गीताबाईंना आपला डबा परत हवा होता. आणि जाता जाता, चांगल्या मनाने, त्यांनी सांगूनही टाकलं. महिना सरल्यावर धोंड्यासाठी कोण पुरण घालतंय? अधिकातल्या एका ऑर्डरीतले उरले होते, ते फ्रीझरला टाकले होते. "डीपी जळाली तवा जरा मऊ पडले होते, पण परत मस्त कडक झाले बघा."

मागची गल्लीही त्याच डीपीवर आहे, हे एवढ्या शास्त्रात भगवानरावांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते आत आले. ताटात चार धोंडे उरले होते आणि दत्तारावांचा हात दुसऱ्याकडे निघाला होता. खाऊ नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. का ते सांगावं, तर घंटागाडीपर्यंत जावं लागणार. भगवानराव जावयाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्या ताटातले चारही धोंडे एकामागून एक खाऊन टाकले. नीलम बापाकडे बघतच राहिली. दत्ताराव हात आखडता घेत म्हणाले, "राहू द्या मामी, मामांना लय आवडलेले दिसतेत." सुलाबाईंच्या तोंडाला पदर होता, आणि पदरामागे काय चाललं होतं ते भगवानरावांनी बघितलं नाही.

दत्ताराव एका धोंड्यावर ठणठणीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले. भगवानरावांना सलाईन लागली. गल्लीतली माणसं बघायला येत, पायाशी बसत आणि काय झालं म्हणून विचारत. सुलाबाई प्रत्येकाला चहा देत आणि शांतपणे सांगत,

"दुसरं काय व्हायचंय? जावयाच्या हक्काचं अधिकाचं वाण सासऱ्यानं खाल्लं. ते कसं पचंल?"

माणसं मान डोलवत. खाटेवर पडलेल्या भगवानरावांकडे याचं खणखणीत शास्त्रीय उत्तर होतं. ते द्यायचं, तर बायकोचे धोंडे कुठे गेले तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि आपण पाप्यासारखे दिसू याची काळजी घेतली.