चिंगीची पावलं, माझे पोहे

चालायला पाय लागतात, हा लोकांचा गैरसमज आहे! डोकं असलं की पुरतं.

सूनबाईने, मयुराने, माझ्या मनगटावर पावलं मोजणारं, आणि मी पडलो तर मुलाच्या मोबाईलवर कळवणारं घड्याळ बांधलं. फर्मान असं: रोज पाच हजार पावलं, तरच रविवारी सक्करदऱ्याचे तर्री पोहे. नाहीतर दलिया! नागपूरच्या माणसाला रविवारी दलिया म्हणजे जिवंतपणी तेरावं!

आमच्या हुडकेश्वरच्या फ्लॅटमध्ये चिंगी नावाची मांजर आहे. दिवसभर उशीसारखी पडून असते. पण सकाळी सात वाजता तिच्या अंगात काय संचारतं, कोण जाणे! सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून कपाटावर! जणू पंगत बसली आणि हिचंच पान मांडायचं राहिलं!

त्या रविवारी मी घड्याळ तिच्या गळ्यात बांधलं. थोड्याच वेळात खाली गाडी पुसणारा माझा मुलगा भूपेश मोबाईल बघून ओरडला, "बाबा, झाले पाच हजार! पोहे आणून राहिलो!"

मी विजयी मुद्रेने आंघोळीला गेलो. घड्याळ काय, नंतर सोडता येईल!

चिंगी मात्र थांबली नव्हती. तिने फ्रिजवरून उडी मारली की घड्याळ भूपेशला कळवायचं, 'वडील पडले!' कपाटावरून मारली, 'वडील पडले!' पाच मिनिटांत सात वेळा! भूपेशने मला फोन केले, मी साबणात. मग त्याने शेजारच्या ओमप्रकाशला लावला. सात वेळा पडलेला माणूस उरतो कुठे, असा हिशोब करून ओमप्रकाशने बिल्डिंगच्या ग्रुपवर श्रद्धांजलीच टाकली!

दार धडधडलं. टॉवेल गुंडाळून उघडलं, तर समोर आठ माणसं, हात जोडून!

"काका, तुम्ही?" ओमप्रकाश दचकला.

"मी नाही तं कोण? काय झालं गा?"

त्याने मोबाईल पुढे केला. 'गोपाळराव गेले. शांत, मनमिळाऊ माणूस.' सत्तर वर्षांत मला मनमिळाऊ कोणी म्हटलं नव्हतं! साठीत अक्षरं शिकलो त्याचं चीज झालं. मी दोनदा वाचलं.

तेवढ्यात भूपेश पोह्यांची पिशवी घेऊन धापा टाकत आला. मागोमाग गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली मयुरा. आणि चिंगीने कपाटावरून थेट आमच्या मधोमध उडी घेतली. भूपेशचा मोबाईल किंचाळला, 'वडील पडले!'

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा होतो. मग सगळ्यांनी चिंगीच्या गळ्याकडे पाहिलं.

"काहून बाबा?" मयुरा एवढंच म्हणाली. मग तिने भूपेशच्या हातून पिशवी घेतली. "आलेल्या लोकांले तसंच कसं पाठवायचं? बसा सगळे!"

चार प्लेटी आठ जणांत बरोबर पुरल्या. नवव्याला दलिया मिळाला.

जाताना ओमप्रकाश बोटं चाटत म्हणाला, "काही म्हणा काका, तुमच्या नावानं नाष्टा मस्त झाला गा!"