उंचीनुसार ग्रंथालय

सकाळी साडेनऊला ग्रंथपालबाईंनी शाळेच्या ग्रंथालयाचं दार उघडलं आणि त्या उंबरठ्यातच थबकल्या. कपाटं लखलखत होती. पुस्तकं उंचीप्रमाणे उभी होती, डावीकडे ठेंगणी, उजवीकडे उंच, मधे कुठे खड्डा म्हणून नाही.

"कसं दिसतंय?" शिपाई मावशींनी हातातलं फडकं झटकत विचारलं. "काल सुट्टी होती. म्हटलं, साहेब यायच्या आत एकदाचं मार्गी लावावं. काय तो पसारा! मोठ्याशेजारी छोटं, छोट्याशेजारी मोठं."

"मावशी, तो पसारा नव्हता! विषयवार लावली होती पुस्तकं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर होता."

"ते कळकट कागद होय? ओल्या फडक्यानं एका झटक्यात निघाले."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. तीन हजार पुस्तकांच्या तीन हजार चिठ्ठ्या, अकरा वर्षं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या होत्या. आता त्यांचा बादलीत लगदा झाला होता.

आणि अकरा वाजता शिक्षण खात्याचे तपासनीस येणार होते. मुलांना हवी ती माहिती स्वतः शोधता येते का, एवढंच ते बघणार होते. येत नसेल, तर खोली खेळाच्या सामानाला द्यायची आणि बाईंना ऑफिसात हजेरीपत्रकं लिहायला बसवायचं, असं संस्थेनं आधीच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक डोकावले. "वा! आज पहिल्यांदा ग्रंथालयासारखं ग्रंथालय दिसतंय. हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

बाई कसंबसं हसल्या. सर गेल्याबरोबर त्या शिडीवर चढल्या. तासभर चढउतार केल्यावर त्यांच्या हाती देवमाशाचं एक पुस्तक लागलं. ते टेबलावर ठेवून त्यांनी सहावीतल्या सगळ्यात शहाण्या मुलीला बाजूला घेतलं.

"हे बघ, साहेबांनी 'काय शोधतेस' विचारलं, की देवमासा म्हणायचं आणि हे पुस्तक उघडायचं."

"आणि दुसरं पुस्तक? तुम्हीच सांगता ना, एका पुस्तकावर विसंबायचं नाही, दोन ठिकाणी पडताळायचं."

"आजच्या दिवस विसंब गं बाई!" असं त्या म्हणून गेल्या खऱ्या, पण बोलता बोलता त्यांची त्यांनाच लाज वाटली.

साहेब आले, ते अकराला पाच मिनिटं कमी असतानाच. ग्रंथालयात बसवलेल्या सहावीच्या वर्गातून त्यांनी नेमक्या त्याच मुलीला उभं केलं. बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच साहेब म्हणाले, "ऑक्टोपसला हृदयं किती असतात, शोधून दाखव."

"देवमाशाला?" मुलगी अडखळली.

"देवमाशाचं कोणी विचारलंय?"

मुलगी पुस्तकांची नावं आणि नंबर लिहिलेल्या कार्डांच्या कपाटाकडे गेली. तिनं कार्ड काढलं, नंबर मोठ्यानं वाचला आणि सवयीनं फळीकडे पाहिलं. एकाही पुस्तकावर नंबर नव्हता. बाईंनी डोळे मिटून घेतले. हजेरीपत्रकांचा गठ्ठा त्यांना स्पष्ट दिसू लागला.

"अगं, ते निळं," वर्गातून कुणीतरी कुजबुजलं. "शनिवारी तू शिवलेलं."

"हां! एक वीत चार बोटं," म्हणत मुलीनं फळीवर हात धरला, पावलं मोजल्यासारखी तीन कपाटं ओलांडली आणि निळं पुस्तक ओढून काढलं. पाठीला हिरव्या दोऱ्याची शिवण होती. दर शनिवारी बाई मुलांकडून फाटकी पुस्तकं विती-बोटांनी मापून दुरुस्त करून घेत. त्याला त्या पुस्तकांचा दवाखाना म्हणत.

"इथं तीन हृदयं लिहिलीत," मुलगी म्हणाली. "थांबा, दुसऱ्यात बघते. ते बुटकं आहे, उंदरानं कोपरा खाल्लेलं." तेही मिनिटभरात आलं. "यातलं पान अर्धं फाटलंय. म्हणून तिसरं बघते."

तिसऱ्यातही तीनच निघाली. साहेबांनी चक्क टाळी वाजवली आणि ही उंचीची मांडणी कोणाची, असं विचारलं, तशी दारातल्या मावशींनी फडकं वर केलं.

ते चहाला गेल्यावर बाईंनी मुलीला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग तुम्ही नंबर कधी बघत होता गं?"

"नंबर तुम्ही बघायच्या ना बाई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आम्ही कार्ड काढायचो."

बाईंना रडावं की हसावं कळेना. खोली मात्र वाचली होती.

पंधरा दिवसांनी खात्याचं परिपत्रक आलं. सर्व शाळांनी पुस्तकांवरील नंबर काढून ती उंचीनुसार लावावीत. प्रशिक्षण याच शाळेत होईल. मार्गदर्शक, शिपाई मावशी. सहायक, ग्रंथपाल.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मावशींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका बाई, मी आहे ना. तुम्ही फक्त फडकी ओली करून द्या."