न दिसणारं फाटक

चौदा महिन्यांच्या सृष्टीला हॉलमधून रांगत स्वयंपाकघरात पोहोचायला अकरा सेकंद लागतात, हे दीपालीने मोबाइलवर मोजलं आणि त्याच संध्याकाळी ती बिबवेवाडीतल्या ॲक्रिलिकवाल्याकडे जाऊन धडकली. तिला दारात कमरेएवढं फाटक हवं होतं. पण आरपार दिसणारं. लाकडी फाटकाआड पोरगी काय तोंडात घालते, ते पोळ्या लाटताना कळणार कसं?

"तुटणार नाही ना?"

"मॅडम, विमानाच्या खिडक्या ह्याच्याच असतात."

"विमानातली माणसं खिडकीला लाथा मारत नाहीत. माझी मुलगी मारते."

फाटक बसलं. दोन्ही बाजूंना पांढरा कागद चिकटवलेला होता. दीपालीने त्याला नख लावलं मात्र, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले तिचे सासरे सुखदेवराव पेपर टाकून उठले.

"अगं, राहू दे कागद! ओरखडे पडतात."

"बाबा, आरपार दिसावं म्हणून तर आणलंय."

"फ्रिजचा कागद सहा वर्षं काढला नाही. बघ, अजून कोरा आहे."

"फ्रिजच्या पलीकडे सृष्टी नसते, बाबा."

दोन दिवस ती दर पोळीला फाटकावरून वाकून बघत राहिली आणि घर करपलेल्या पोळ्या खात राहिलं. तिसऱ्या दिवशी बाबा बँकेत गेल्याबरोबर तिने कागद सोलून काढला. लेक डोक्यापासून पायापर्यंत दिसू लागली! हे सुख अर्धा तास टिकलं. बाबा परत आले, पाणी प्यायला निघाले आणि फाटकावर गुडघा आपटून थबकले.

"हे इथं कोणी ठेवलं?"

"काय, बाबा?"

"जे दिसत नाही ते!"

संध्याकाळी त्यांचे मित्र उत्तरेश्वर आले. जयभीम झाला, पोहे झाले. भला माणूस, रिकामी बशी स्वतःच आत ठेवायला उठला. बशी आत गेली. ते फाटकावर निम्मे आत, निम्मे बाहेर असे लटकले.

"सुखदेवराव," ते शांतपणे म्हणाले, "मी पलीकडे जाऊ, की अलीकडे येऊ?"

मग दीपालीने फाटकावर आपल्या बारा टिकल्या लावल्या. सकाळी अकराच निघाल्या. सृष्टीचं तोंड तपासलं, लंगोट तपासला, डॉक्टरांना फोन लागला. तेवढ्यात दूध घेऊन आलेल्या बाबांच्या टकलावर बारावी चमकली.

"तरीच! दूधवाला मला ताई म्हणाला," बाबा म्हणाले.

टिकल्या गेल्या. बाबांनी फाटकावर जुना कागद डकवला आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'येथे फाटक आहे. ज्यांना माहीत आहे, त्यांनीही पाहून चालावे.'

दीपाली पुन्हा पोळ्या लाटायला लागली. पलीकडे चिडीचूप. पोरगी शांत असली, की तिच्या तोंडात हमखास काहीतरी असायचं. जिवाला जरा धीर म्हणून तिने गुळाचा खडा तोंडात टाकला. गोड खाणं घरात बंद होतं, तिनेच केलं होतं. इतक्यात खाली काहीतरी खुसफुसलं. कागदाला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून एक टपोरा काळा डोळा तिच्याकडे एकटक बघत होता.

दीपालीला भरून आलं. मग एकदम सुचलं, की भोकाचा तुकडा कुठंय?

"बाबा! आधी सृष्टीचं तोंड बघा!"

"बघितलं. कागद माझ्या हातात आहे," पलीकडून बाबांचा आवाज आला. "तुझ्या तोंडात काय आहे, ते ती विचारतेय."