गुलाबी भोकातली पिन

आमच्या संगणकावर लिनक्स आहे आणि ते मी स्वतः टाकलंय, हे आमच्या पोस्टमनलाही ठाऊक आहे. त्यामुळे शाळेच्या कार्यक्रमातलं लेकीचं गाणं पाच वाजता इंटरनेटवरून थेट, घरबसल्या ऐकवायची जबाबदारी मी छातीठोकपणे घेतली. ऐकायचं होतं सासऱ्यांना. पाय प्लास्टरमध्ये, मोबाईलचा आवाज कानापर्यंत पोचत नाही, आणि गाणं त्यांनीच नातीला शिकवलेलं. बायको लेकीबरोबर शाळेत गेली होती.

सकाळी धूळ पुसायला मी सगळ्या तारा काढल्या आणि पुन्हा लावल्या. संगणकाचं कॅबिनेट तसंच, सासऱ्यांकडे पाठ करून राहिलं. चार वाजता बघतो तर आवाज गुल!

"जावईबापू, मागची ती पिन..." सासरे म्हणाले. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस.

"बाबा, हा रेडिओ नाही. कशालाही हात लावू नका," मी म्हणालो. किती तोऱ्यात म्हणालो, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

मग मी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड टाकायला बसलो. पहिलीने साउंडकार्ड सापडलं. दुसरीने हरवलं. तिसरीने परत आलं, पण पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली. आवाजाच्या सगळ्या पट्ट्या दीडशे टक्क्यांवर नेल्या. स्पीकर ढिम्म.

पाच वाजले. लेक पडद्यावर आली, गायला लागली. सासरे तिच्या ओठांकडे बघत मांडीवर ताल धरत होते. मी आपला कमांड टाकतोच आहे.

गाणं संपत आलं तेव्हा कुठे मी हात टेकले. "बाबा, मघाशी काय म्हणत होतात?"

"स्पीकरची पिन माइकच्या गुलाबी भोकात गेलीय. हिरव्यात हवी."

"अहो, मग लावायची नाही का?"

"दुसऱ्याने उघडलेल्या सेटला तो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. लावू आता?"

त्यांनी बसल्या जागेवरून हात लांबवून पिन बदलली. त्याच क्षणी दीडशे टक्क्यांच्या टाळ्या कडाडल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या. गाणं संपलं होतं.

तासाभराने लेक धावत घरात आली. "आजोबा, कसं झालं माझं गाणं?"

"टाळ्या ऐकल्या गं," सासरे म्हणाले. "फार पडल्या."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.